फोन उचलायचा नाही

नंदू, घरचा फोन वाजला की मी अजूनही लगेच उचलत नाही. हातातलं काम टाकून फ्रिजशेजारच्या स्टुलापाशी जाते, फोनकडे बघत उभी राहते आणि दुसऱ्या रिंगची वाट बघते. दुसरी वाजली की कळतं, हा तू नाहीस. मग उचलते, आणि पलीकडून कोणीतरी गोड आवाजात विचारतं, मॅडम, पर्सनल लोन पाहिजे का?

ऋचा हे सगळं बघते. तू गेल्यापासून चारकोपचं तिचं घर नवऱ्यावर सोडून ती माझ्याकडेच आहे. परवा म्हणाली, "आई, काढून टाकू ना हा फोन. कामाचं कोणी यावर करत नाही. तू नुसती दचकतेस, मला बघवत नाही." मी म्हटलं, बघू. तर तिने सोमवारसाठी माणूसच ठरवून टाकला. तोवर काय ते ठरव, म्हणाली. पोरगी तुझ्यावर गेलीय. आधी पाऊल टाकते, मग विचारते.

फोन काढायला माझी ना नव्हती. एवढ्या वर्षांत त्याच्यावर आपण दोघं एक शब्दही धड बोललो नव्हतो. आपला सगळा संसार त्या न उचललेल्या फोनवर चालला.

आता कोणी विचारलं तर सांगावं लागतं, म्हणून सांगते. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तू रविवारी डोंगरावर निघालास, तेव्हा मी दारात आडवी उभी राहिले होते. तू बुटाची नाडी बांधता बांधता म्हणालास, "मधू, खाली उतरलो की गावातून एक रिंग देईन आणि कट करीन. तू उचलायचा नाही. रिंग आली की समजायचं, नंदू जमिनीवर आला." एसटीडीचं बिल चढायला नको आणि मला घोर नको, अशी तुझी दुहेरी सोय. मी म्हटलं, आणि नाही आली तर? तू म्हणालास, "येणार." विषय संपला. तुझे सगळे विषय असेच संपायचे.

रविवारी दुपार कलली की घर कान टवकारून बसायचं. टीव्हीचा आवाज बारीक. कुकर लावायचा नाही, शिटीत रिंग हरवेल म्हणून. आई, म्हणजे तुझी आई, माळ ओढत सोफ्यावर बसायच्या आणि मधूनच मला ऐकू जाईल असं म्हणायच्या, "माझ्या झिलाक डोंगराची बाधा झाली हा." मग ट्रिंग. एकच. त्या पलीकडच्या खोलीत असल्या तरी ओरडायच्या, "वाजलो गो फोन!" आणि मी कुकर लावायचे. रिंग आली की भात, हे आपल्या घरातलं वेळापत्रक होतं. लोकांच्या घरी घड्याळं असतात.

आणि तू आलास की कसा यायचास, ते काय सांगू. पोटऱ्यांवर काटे ओढलेले, केसांत गवत, पिशवीत पानात बांधलेली करवंदं नाहीतर कुठल्या मावशीने दिलेल्या चवळीच्या शेंगा. आंघोळ झाली की तू पहिलं काम करायचास ते ऋचाच्या युनिफॉर्मला इस्त्री. आठवड्याचे सगळे फ्रॉक तुझेच. एकदा तुझा हात इतका सोललेला होता की मी इस्त्री ओढून घेतली, तर म्हणालास, "सोड. हे केलं नाही तर मला घरी आल्यासारखं वाटत नाही." डोंगरवेड्या नवऱ्यांच्या गोष्टी मी बँकेतल्या बायकांकडून खूप ऐकल्या. घरात लक्ष नाही, मुलांची इयत्ता माहीत नाही. माझ्याकडे तक्रार करायला तेवढंही नव्हतं. त्याचाही राग यायचा मला.

ऋचा दोन वर्षांची असताना जुन्या सॅकला पायांसाठी दोन भोकं पाडून, शिवणयंत्रावर स्वतः टीप मारून तू तिला पाठीवर घालून घेऊन गेलास. मी दिवसभर जेवले नाही. परत आली ती झोपलेली, मुठीत एक दगड घट्ट धरून. माझ्या आईला, जी मुलुंडच्या पुलावरून खाली बघायचीही नाही, तिला तू कामशेतला नेऊन पॅराग्लायडिंगच्या छत्रीखाली आकाशात उडवलंस. मला सांगितलं होतं, एकवीरेला जातोय. खाली आल्यावर आईने पदर सारखा केला आणि विचारलं, "परत कधी न्याल?" गॅलरीत तुझा दोर वाळत असायचा, तीन मजले खाली लोंबत. सोसायटीचे सेक्रेटरी एकदा वर येऊन म्हणाले, "यार नंदू, लोकांना वाटतं चोर आला." तू त्यांना चहा पाजलास आणि पुढच्या महिन्यात त्यांच्या मुलाला पेब किल्ल्यावर नेलंस. मग दोराबद्दल कोणी बोललं नाही.

मला मात्र तू कधीच नेऊ शकला नाहीस.

आपलं हे एकच भांडण, नंदू. बाकीची सगळी किरकोळ. तू म्हणायचास, एकदा ये. फक्त एकदा. लोहगडला ये, लोहगड म्हणजे जिना आहे गं, आपली लिफ्ट बंद पडल्यावर तू भाजी घेऊन चढतेस ना, तसा. मी म्हणायचे, दोघंही गेलो आणि काही झालं तर ऋचाचं काय? ऋचा मोठी झाली, तिचं लग्न झालं. मग माझं कारण बदललं. मी आले तर घरी रिंग कोण ऐकणार? तू कपाळाला हात लावायचास. "अगं वेडे, तू माझ्याबरोबर असलीस तर रिंग द्यायचीच कोणाला?" मला ते कळत होतं रे. पण मला वाटायचं, मी त्या स्टुलापाशी उभी असते म्हणून तू उतरतोस. मी तिथून हलले तर तुला खाली ओढणारं काही राहणार नाही. हे मी तुला कधी बोलले नाही. हसला असतास.

मी रिटायर झाले तेव्हा मात्र तू माझ्याकडून वदवून घेतलंस. दिवाळी झाली की लोहगड. लगेच मला घाटकोपरला नेऊन बूट घेऊन दिलेस. दुकानात माझ्यापुढे गुडघ्यावर बसून अंगठ्याची जागा दाबून बघत होतास, लहान मुलाला घेतात तसे. मी लाजले. दुकानदार म्हणाला, काका, मॅडमना हिमालयात नेताय का? तू म्हणालास, "हो, लोहगडला." मग महिनाभर रोज सकाळी ते बूट घालून मला घरात फिरवलंस. मी बूट घालून पोळ्या लाटल्या आहेत, नंदू.

आणि दिवाळीच्या आधीच तू निघून गेलास. मी आयुष्यभर कड्यांना घाबरले. कपारी, निसरडी वाट, पावसाळ्यातला ओढा, गांधीलमाश्या, सगळ्यांना नावं घेऊन घाबरले. तू गेलास तो आपल्या दिवाणावर, पंख्याखाली, सोलकढीभात खाऊन आडवा झाल्यावर. मी पलीकडे वाटाणे सोलत होते. तुझं घोरणं थांबलं तेव्हा मला बरं वाटलं, आता जरा शांतता, असं मनात आलं. मी आणखी वाटाणे सोलले. डॉक्टर म्हणाले, झोपेतच, काही कळलंही नसेल. सगळे म्हणतात, किती सुखाचं मरण. असेल. मला राग आला तो आलाच. इतकी वर्षं मी चुकीच्या ठिकाणी पहारा दिला.

आता ढाकच्या कड्याचं. तेही काढायलाच हवं, कारण आपलं दुसरं भांडण ते होतं. भांडण तरी कसलं, आपला खेळच झाला होता तो.

ऋचा तेव्हा शाळेत होती. तुम्ही ढाकला गेला होतात, तू, तुझा डोंगरातला जोडीदार शशी आणि नवीन आलेली दोन-तीन मुलं. दिवेलागणीला रिंग आली. एकच. आईंनी हाक दिली, मी भात लावला. तू जेवायला आला नाहीस तरी मला काही वाटलं नाही, गाडी चुकली असेल, खालच्या गावातच राहिला असेल. त्या रविवारी युनिफॉर्मला इस्त्री मी केली आणि गाढ झोपले. दुसऱ्या दिवशी दुपारी तू आलास, ओठ फुटलेले, डोळे लाल. म्हणालास, गावात झोपलो. मी म्हटलं, मला माहितीय, रिंग आली होती. तू माझ्याकडे बघून हसलास आणि आंघोळीला गेलास.

पुढे कधीतरी एका बारशात तुमच्यातलाच एकजण बोलून गेला, "वहिनी, ढाकला नंदू रात्रभर त्या पोराला धरून कपारीत बसला होता, मानलं पाहिजे." मी पेढ्याची बशी तिथेच ठेवली. घरी येऊन मी तुला धरलं. रात्रभर तू कपारीत होतास, तर रिंग कोणी दिली?

"मला काय माहीत? राँग नंबर असेल."

"राँग नंबर एका रिंगवर कापतात होय?"

"मग तुझी बहीण असेल. नंबर लावला आणि स्वयंपाकाची आठवण झाली."

दर वेळी नवीन उत्तर. एकदा म्हणालास, कुलदेवीने दिली, तिच्याही देवळाजवळ बूथ निघालाय. पाहुणे आले की मी मुद्दाम विषय काढायचे आणि तू मुद्दाम नवीन थाप मारायचास, आणि मी चिडायचे, आणि ऋचा म्हणायची, झालं यांचं सुरू. गेल्या गणपतीतसुद्धा झालं. तुझं शेवटचं उत्तर होतं, "उंदीर असेल गं, वायरवर बसला असेल."

तेराव्याला माणसं पांगली, तरी शशी बसून राहिला. टक्कल पडलंय, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, पण बसतो अजून दगडावर बसल्यासारखा, पाय सोडून. मी चहा आणला. तो कपाकडे बघत म्हणाला, "वहिनी, एक सांगायचंय. रागावू नका."

मी म्हटलं, आता कोणावर रागावू?

"ढाकची रिंग मी दिली होती."

तो सांगत गेला, ते त्याच्याच शब्दांत. त्या मुलाचा पाय मोडला होता, त्याला तिथून हलवणं शक्य नव्हतं. नंदूने दोर स्वतःच्या कमरेला बांधला, मुलाला पोटाशी घेतलं आणि मला म्हणाला, तू खाली जा, माणसं घेऊन ये. मी दहा पावलं गेलो असेन, तर मागून हाक मारली. "शशी, गावात पोचलास की आधी माझ्या घरी एक रिंग. मग डोली, मग बाकी सगळं." मी म्हटलं, अरे, तू इथे लटकलायस, ती काय समजेल? तर म्हणाला, "तिला झोप लागू दे. जागी राहून ती काय करणार आहे?"

"मग नंतर तरी सांगायचं ना मला," मी म्हटलं. माझा आवाज चढला असावा, ऋचा आतून बाहेर आली.

"मी म्हटलं होतं त्याला, वहिनींना सांग म्हणून," शशी म्हणाला. "तर म्हणाला, नको. रिंग दुसरा कोणीही देऊ शकतो हे तिला कळलं, तर पुढच्या कुठल्याच रिंगवर तिला झोप लागणार नाही. मला शपथ घातली. आता तो रिंग द्यायचा नाही, म्हणून सांगितलं."

नंदू, मी आधी तेच विचारलं जे तुला माहीत होतं की मी विचारणार. "आणि बाकीच्या?"

शशीने कप खाली ठेवला. "वहिनी, ती एकच. बाकी सगळ्या त्याने स्वतःच्या बोटाने दिल्या. एकदा गावातलं दुकान बंद होतं, फोन आत कुलपात. आम्ही सगळे एसटीत बसलो. हा उतरला आणि पुढच्या गावापर्यंत चालत गेला, नंबर फिरवला, कट केला आणि मग मागची गाडी पकडून आला. आम्ही शिव्या घातल्या. मोबाइल आल्यावरही तेच. आम्ही सगळे व्हॉट्सॲपवर फोटो टाकायचो, हा आधी लांब जाऊन उभा राहायचा, पाठ करून. लाजायचा म्हातारा."

ऋचा रडायला लागली. मी नाही रडले. तू मला फसवलंस म्हणून हसू आलं, आणि तुझ्यासारखा माणूस माझ्या वाट्याला आला म्हणून भरून आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे ठसका लागला. शशीने पाणी दिलं. कपारीत, अंधार पडत असताना, एका पोराचं वजन अंगावर घेऊन तुला माझ्या झोपेची काळजी. मी तर त्या दिवशी भात जरा जास्तच खाल्ला होता. कुठे फेडू हे?

मी शशीला विचारलं, "लोहगडला न्याल का मला?"

तर काल, रविवारी, गेलो. ऋचा म्हणाली, मीही येते. मी म्हटलं, नको, घरी कोणीतरी हवं ना. तिने तुझी जुनी टोपी आणून माझ्या डोक्यावर ठेवली.

खरंच जिना आहे रे. एवढंच निघालं ते. शाळेच्या सहली, भजीवाले, मांडीवर मोबाइल ठेवून बसलेली जोडपी. मी कठड्याला धरून, थांबत थांबत, चिडत चढले. शशीचा गुडघा आणि माझा दम, दोघांची स्पर्धा. दुसऱ्या दरवाज्यापाशी एका कॉलेजच्या मुलीने मला हात दिला आणि विचारलं, काकू, फर्स्ट टाइम? मी म्हटलं हो. "झकास बूट आहेत," ती म्हणाली. मी तिला सांगणार होते कोणी घेऊन दिले ते. नाही सांगितलं.

वर वारा होता. पवनेचं पाणी दिसत होतं, आणि डोंगरामागे डोंगर. मला वाटलं होतं, वर गेल्यावर तू भेटशील, काहीतरी वाटेल. तसं काही झालं नाही. पाय दुखत होते आणि भूक लागली होती. मी शशीने आणलेला तुमचा तो कांदाभाकरीचा डबा उघडला आणि सगळा खाल्ला. मग वाटलं, असंच तर येत असशील तू इथे. काही मिळवायला नाही. पाय दुखवून घ्यायला, भाकरी खायला, आणि मग घरी यायला. एवढ्यासाठी मी इतकी वर्षं तुझ्याशी भांडले. तरी बरं वाटलं. तुझ्या रविवारातला एक रविवार मला मिळाला.

शशी म्हणाला, "वहिनी, इथे रेंज फुल आहे. द्या ना रिंग घरी."

मी म्हटलं, "नाही. उतरल्यावर."

तो टोपी सारखी करत दुसरीकडे बघायला लागला.

उतरायला वेळ लागला. खाली वाडीत टपरीच्या बाकड्यावर बसून बुटातले खडे काढले आणि मोबाइल घेतला. आधी मुंबईचा कोड, शून्य-बावीस, लावायचा हे शशीने सांगितलं.

घरी आले तेव्हा ऋचा स्टुलाशेजारी खाली फरशीवर बसलेली. टीव्ही बंद. म्हणाली, "आई, एक रिंग आली आणि थांबली. मी उचलला नाही गं." लहानपणी युनिफॉर्म न चुरगळता घरी आणायची तेव्हा हेच तोंड असायचं. मग उठली आणि जाऊन कुकर लावला. आज सोमवार. फोन काढणाऱ्या माणसाला तिने कालच कळवलं, नको म्हणून. कधी कळवलं ते मला तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. फोन आहे तिथेच आहे.

पण एक गोष्ट राहिली. इतक्या वर्षांत मला वाटायचं, अवघड काम माझं. वाट बघायची, उचलायचं नाही. तुझं काय, बोट फिरवायचं आणि कापायचं. काल त्या बाकड्यावर मी फोन कानाला लावला आणि आपल्या घरातला आवाज ऐकू आला, तोच, फ्रिजशेजारचा. पलीकडे माझं माणूस श्वास रोखून उभं आहे हे मला माहीत होतं. एक शब्द बोलावासा वाटला. नुसतं 'ए' म्हणावंसं वाटलं. रिंग संपत आली आणि अंगठा हलेना. शशीने विचारलं, "वहिनी, लागला का?" मी मान हलवली आणि कापला.

एका रिंगवर फोन कापायला जीवावर येतं, हे तू मला कधीच सांगितलं नाहीस, नंदू.